मुन्नालाल आजाचं झोपलेलं अस्वल

ओमेश्वरी टॉर्च दातात धरून पोटावर सरपटत होती. सालेकसाच्या पल्याडच्या डोंगरातली ही गुहा उभ्या मानसाले आत घेतच नाही. कोपरं सोलली, पन ती आतल्या भितीपाशी पोचली. तिथं बसून कागदावर चित्र काढलं, अन् आली तशीच उलटी सरकत बाहेर. दुसरी खेप होती तिची.

एवढं कायले? तं मुन्नालाल आजासाठी. नातं काही नाही, ही आडनावानं पटले अन् तो मडावी. पन तेंदूचं पान कसं खुडाचं, उन्हाळ्यात कोनत्या नाल्याले पानी राह्यते, हे तिले त्यानंच शिकवलं. आता त्याचे गुडघे गेले. तेंदूच्या हंगामाआधी लेक त्याले राजनांदगावले नेनार होती, कायमचं. त्यानं एकच मागलं.

"ओमे, त्या गुहेत झऱ्याच्या कडेले गोट्याचं अस्वल झोपून आहे. थे मले छापून दे. तिकडं भितीवर लावीन."

ओमेश्वरी लाकडावर कोरून छापते. शिवणीच्या झाडाची फळी, राइस मिलच्या धुराड्यातली काजळी, जवसाचं तेल. मशीन-बिशीन काही नाही. फळीले काळं फासाचं, वर कागद ठेवाचा अन् स्टीलच्या वाटीच्या बुडानं घासत बसाचं. कोरलं तेवढं पांढरं राह्यते, बाकी काळं. गावातले म्हनत, पोट्टी लाकूड खाऊन राह्यली. म्हनू दे. त्यातल्या एकालेही सरळ रेघ मारता येत नाही.

पहिल्या खेपेचं चित्र तिनं भाताच्या पेजेनं फळीवर सुलटंच चिकटवलं अन् त्याच्यावरूनच कोरलं. छापा निघाला उलटा, अन् चित्राचे तं तुकडे झाले.

आजानं कागद डोळ्यापाशी नेला. "झरा उजव्या हाताले पाह्यजे. तुनं डाव्याले आनला."

"उलटं चिकटवाचं राह्यते, आजा. इसरली."

"मंग इसरू नोको."

म्हनून ही दुसरी खेप. आता छापा बरोबर आला, झरा उजव्या हाताले. आजा लय वेळ पाहत राह्यला. मंग मान हालवली.

"नाही व. हे मेलं आहे."

"गोटा आहे गा, आजा! मेलाच राहीन!"

"थे झोपलं आहे. पोट हालाले पाह्यजे त्याचं."

म्हाताऱ्याचं टकुरं सरकलं, असं तिचा भाऊ टिकेश म्हनला. ओमेश्वरी दोन दिवस भावाशी बोलली नाही. पन गोट्याचं पोट हालन कसं? जेवतानी तेच, झोपतानी तेच. शेवटी ती आजाकडं गेली.

"तू अस्वल पाह्यलं तेव्हा टॉर्च होता का गा?"

"टॉर्च कायचा? मोहाच्या तेलाचा दिवा."

लेक रविवारी येनार होती. गुरुवारी ओमेश्वरी दिवा घेऊन गुहेत शिरली. दोनदा विझला, एकदा तेल हातावर सांडलं. भितीपाशी दिवा ठेवला अन् दम धरून बसली. कुठून तरी वारं येत होतं. वात लपकली, अन् गोट्याच्या फुगाऱ्यावरची सावली वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"आवो माय," ती म्हनली.

सावली कुठवर चढते अन् कुठवर उतरते, ते तिनं कागदावर धरलं. घरी मंग तेवढ्या पट्ट्यात बारीक बारीक रेघा कोरल्या, ना पुरं काळं, ना पुरं पांढरं. दोन दिवस हेच.

रविवारी दारात ऑटो उभा. लेक आवाज देऊन राह्यली. ओमेश्वरी वला छापा घेऊन धावत आली. आजानं तो जवळ नेला, दूर नेला, पुन्हा जवळ नेला.

"बाबा, गाडी निंघन ना!" लेक वरडली.

"निंघू दे." तो कागदावरून नजर काढेना. "हेच व, ओमे. पोट हालून राह्यलं."

"बोट नोको लावू, वलं आहे!"

तोवर त्यानं अंगठा टेकवला होता. तसाच काळा अंगठा घेऊन ऑटोत बसला.

मागून देवरीच्या बाजारात त्याचा साळा ईश्वरदास भेटला, तेव्हा समजलं. मुन्नालाल त्या गुहेत जन्मात कधी शिरला नव्हता. अंधाराले भेत होता. दिवा लावाले आत जाये ती त्याची बायको सुखवंता, अन् बाहेर आली का आत काय पाह्यलं ते त्याले सांगे. ती जाऊन नऊ वर्षं झाली.