हौदाची एक बाजू

आमच्या घरात माग चालू होता तोवर दोन वेळची भाकरी होती. हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा नगरच्या आमच्या गल्लीतला मागांचा खडखडाट एकेका घरातून बंद पडत गेला. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, एमआयडीसीत वॉचमन झाले. तो पगार पुरायचा नाही. नवरा गेल्यावर माहेरी आलेली त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, उरल्यासुरल्या मागांसाठी दिवसभर सुताच्या कांड्या भरायची. त्या कांड्यांवर मी बी.ए. झाले, घराण्यातली पहिली. मी हे मिरवते, कारण तीही मिरवायची.

गेल्या महिन्यात अकोल्यात शाळेत शिकवत होते, तेव्हा दादांचा फोन आला. "आत्या गेली गं. हौदापाशी बसल्या बसल्या." मी विचारलं, "ब्रश हातात होता?"

हा हौद आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. निजामशाहीत डोंगरातलं पाणी खापराच्या नळांनी शहरात आणलं, त्याच काळातला. काळा दगड, चारी बाजूंना कोरलेली वेल. आत्या म्हणायची, "शिर्डीच्या गाड्या नगरात निस्त्या जेवायला थांबत्यात. तोंड पुसलं की पुढं. त्यास्नी हितं का न्हाई आनायचं?" शेजारचे बांगडीवाले इस्माईलचाचा हसायचे. "आणा की, आक्का. मी दारात तिकिटं फाडायला बसतो."

पण तिनं खरंच जुनं शहर दाखवत फिरणाऱ्या मंडळींना गाठलं. त्यांना हौद आवडला. त्यांचे वरचे साहेबलोक बघून जातील, त्यांना पटलं तर गल्ली रविवारच्या फेरीत घेऊ, बंद माग पुन्हा चालू करून माल इथंच विकू, असं ठरलं. गल्ली सोडायची म्हणून शहराबाहेर केडगावात खोली बघून आलेली घरं त्या आशेवर थांबली. चाचाही थांबले.

आपल्याकडे घरात कार्य निघालं की आधी भिंतींना रंग देतात. साहेब यायच्या आदल्या दिवशी आत्यानं तेच केलं. "पाव्हनं येनार, अन् त्यास्नी असं काळंठिक्कर दावायचं व्हय?" अख्खी गल्ली कामाला लागली. हौद ऑइलपेंटनं गुलाबी झाला. वेल आत्यानं स्वतः हिरवी रंगवली, पानन् पान.

साहेब आले ते हौदापाशी उभेच राहिले. आत्या चहाचा ट्रे घेऊन पुढं झाली. "चकाकतोय न्हवं?" त्यातले एक हळूच म्हणाले, "आजी, तो दगडच तर बघायचा होता." चहा अर्धा ठेवून ते गेले. गल्ली फेरीतून वगळली.

मग एकेक घर केडगावला गेलं. चाचा लेकाकडे गेले, जाताना म्हणाले, "आक्का, रंग मात्र झकास बसला होता." आत्या हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तारेचा ब्रश घेऊन हौदापाशी बसायला लागली. दगडाच्या छिद्रांत मुरलेला रंग निघता निघत नव्हता. वेलीतला ती दाभणानं टोकरायची. सुताच्या तुसानं आधीच छाती गेलेली, त्यात ती धूळ. मी सुट्टीत आले की भांडायचे. "आत्या, सोड आता. राहिलंय कोण हितं?"

"रंग म्या लावला, म्याच काढनार. तू जा, तुझं पेपर तपास."

तिची धाप ऐकत मी आत बसून राहायचे. तिला ओढून आणणं मला जमलं नाही, आणि तिच्याशेजारी बसून घासणंही जमलं नाही, कारण त्याचा काही उपयोग होईल असं मला वाटतच नव्हतं...

तेराव्यानंतर हौदापाशी गेले. तीन बाजू अजून गुलाबी आहेत. चौथी काळी, स्वच्छ, वेल जशी कोरली तशी. कोनाड्यात तिचा ब्रश होता, मुठीला सुताचा लपेटा दिलेला. मी तो हलवला नाही. तेवढ्यात फेरीची मंडळी आली. बाजू मोकळी झाल्याचं आत्यानंच त्यांना कळवलं होतं. ती गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. एका बाईनं वेलीवरून हात फिरवत विचारलं, "इथं राहतं कोण?" दादांना अकोल्याला नेण्यासाठी मी नुकतंच आमच्या दाराला कुलूप लावलं होतं. गल्लीतलं ते शेवटचं उघडं दार.

फेरी आता दर रविवारी आमच्या गल्लीत येते.