तृतीयेची भरती आणि अर्बाबांची मोटरहोम

हसायचं तर पोटभर हसा, माझी ना नाही. फक्त एक अट! हे आमच्या गावी, दाभोळकडे, कुणी कळवायचं नाही. तिकडे अजून मला समुद्रातलं कळतं असा समज आहे.

तर ओमानात मला अठरा वर्षं झाली. मस्कतच्या अल् खुवैर भागात ऑफिस, तिथूनच जवळ फ्लॅट. अठरा वर्षांत मी हा देश किती पाहिला? फ्लॅट ते ऑफिस आणि ऑफिस ते फ्लॅट! यंदा थंडीत लेकीच्या शाळेला सुट्टी लागली, तेव्हा आमच्या अर्बाबांनी, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकांनी, मला बोलावलं.

"तुम कब घूमेगा? बुढ्ढा हो के? मेरा गाडी ले के जाओ."

गाडी कुठली, तर त्यांची मोटरहोम! पांढरीशुभ्र, लांबलचक. आत दोन पलंग, शेगडी, फ्रीज, बाथरूम, बाहेर ओढायची कनात. ही गाडी त्यांनी सख्ख्या भावालासुद्धा दिली नव्हती हो! किल्ली देताना एवढंच म्हणाले, "बस, समंदर का पानी मत लगाना. लोहा खा जाता है."

मी काय म्हणावं? "अर्बाब, मैं कोकण का आदमी. समंदर मेरे को पूछ के आता है."

म्हणालो खरा. तोंड माझंच, दोष कुणाला देणार?

निघालो. मी, बायको मेधा आणि तेरा वर्षांची सई. या देशात एक बरं आहे, माणसानं मोकळ्या जागी गाडी लावली तर सहसा कुणी हटकत नाही. पहिला मुक्काम डोंगरांच्या पायथ्याशी. काय डोंगर ते! गवताची काडी नाही, आणि तरी नजर हटत नाही. सकाळी तांबडे, दुपारी राखाडी, संध्याकाळी चक्क जांभळे. दुसरा मुक्काम वाळवंटाच्या कडेला. तिथे सई गाडीच्या पायरीवर बसली आणि तासभर मोबाईलला हात लावला नाही. आईबाप असाल तर कळेल, हा चमत्कार डोंगरांपेक्षा मोठा आहे! मला तर वाटत होतं, अठरा वर्षं मी ओमानात नव्हतोच, कुठल्यातरी लिफ्टमध्ये होतो.

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला सूर बंदराच्या पुढे एका खाडीवजा किनाऱ्याशी पोचलो. आणि मी गाडी थांबवून नुसता बघत राहिलो. एवढं निळं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि मी समुद्राशेजारी जन्मलेला माणूस, बरं का! वाळू ओली, घट्ट, पार लांबपर्यंत पसरलेली. समोर क्षितिजावर एक जुन्या घाटाचं लाकडी गलबत हळूहळू चाललं होतं. अंगावर काटा आला.

"गाडी वरतीच लावूया," मेधा म्हणाली.

"छे! पार खाली नेऊ. पाण्याच्या शेजारी बसून पोहे खाऊ."

"अहो, भरती आली म्हणजे?"

आता बघा, मेधा पुण्याची. मुठेला भरती येत नाही. तेव्हा तिला शहाणं करणं माझं कर्तव्यच होतं. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरशिवाय ती कुठे जात नाही, ते तिनं फ्रीजच्या दाराला चिकटवलं होतं. मी तिला त्याच्यासमोर उभं केलं.

"आज काय? वद्य तृतीया. तिथीची पाऊणपट करायची. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे भरती सव्वादोनला. सहा तास आधी पूर्ण ओहोटी, म्हणजे आत्ताच होऊन गेली. बारापर्यंत निवांत बसू. आमचे आजोबा याच हिशोबावर होडी काढायचे. एकदासुद्धा चुकले नाहीत!"

मेधा काही बोलली नाही. लग्नाला सोळा वर्षं झालेली बाई काही बोलत नाही तेव्हा पुरुषानं सावध व्हावं. मी झालो नाही.

गाडी झोकात खाली नेली. कनात ओढली, सतरंजी अंथरली, खुर्च्या मांडल्या. पोहे झाले, चहा झाला. दहाच्या सुमाराला सई म्हणाली, "बाबा, वॉटर जवळ आलंय. मघाशी तो स्टोन दिसत होता, आता नाही दिसत."

"ती लाट गं. लाट वेगळी, भरती वेगळी."

साडेदहाला सतरंजीचं टोक भिजलं. मी खुर्ची दोन हात मागे घेतली.

"बाबा, इट्स कमिंग. सिरियसली येतंय."

"येणारच! पण थोडं येऊन परत जाईल. सव्वादोनशिवाय त्याची वेळ नाही."

मेधा शांतपणे आत गेली आणि भांडी आवरायला लागली. सव्वाअकराला पाणी पुढच्या चाकाला लागलं. अर्बाबांच्या गाडीला! समुद्राचं पाणी!

मी ड्रायव्हरच्या सीटवर उडी मारली आणि इंजिन सुरू करून गाडी मागे घेतली. घेतली म्हणजे घ्यायला गेलो. चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि गाडी मस्त खाली बसली. तिला वाळू आवडली असावी. पुन्हा दाबलं, आणखी बसली. कनात अजून बाहेरच. आणि आमची एक खुर्ची तरंगत तरंगत निघाली होती, थेट कोकणाच्या दिशेनं!

खोटं कशाला सांगू? अर्बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ज्या माणसानं भावाला दिली नाही ती गाडी विश्वासानं माझ्या हातात दिली, आणि मी ती चौथ्या दिवशी समुद्राला अर्पण करतोय!

तेवढ्यात किनाऱ्यावरून एक पिकअप आली. मच्छीमारांची, होड्या ओढून काढायची. तिच्यातून दोन जवान कोळी आणि एक म्हातारे गृहस्थ उतरले. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, ऐंशीच्या घरातले, पण चाल अशी की मला लाज वाटली. गुडघाभर पाण्यात येऊन त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ हिंदीत म्हणाले, "टायर का हवा निकालो. इंजन को रेस मत दो. औरत-बच्ची ऊपर."

वाळूत जायचं तर टायरची हवा कमी करायची, हे ओमानात शेंबडं पोर जाणतं. माझ्या डोक्यातही नव्हतं!

पुढचा अर्धा तास मी नुसता बघत होतो. म्हाताऱ्यांचा आवाज एकदाही चढला नाही. लाट मागे सरली की हात वर, पिकअपचा दोर ताणला जाई. लाट आली की हात खाली, सगळे थांबत. समुद्राच्या श्वासावर त्यांचा हात चालत होता हो! सात-आठ वेळा असं झालं आणि ती अजस्र गाडी हळूच वर सरकली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण दोन्ही हातांत ओली सतरंजी होती.

वर कोरड्यावर आल्यावर कोळ्यांनी पिंपातलं गोडं पाणी काढलं. होडीचं इंजिन धुवायला ते नेतात. न सांगता त्यांनी गाडीची चाकं आणि खालचा पत्रा धुवायला घेतला. म्हाताऱ्यांनी थर्मासमधून कहवा ओतला, खजूर पुढे केला. नाव खमीस. गलबतावरचे जुने नाखुदा, म्हणजे आपल्याकडचे नाखवा! लहानपणापासून सूरहून गलबतानं मुंबईला, रत्नागिरीला खजूर नेलेला माणूस.

"इतना नीचे क्यूँ लगाया?" त्यांनी विचारलं.

मी खाली मान घालून तिथीचा हिशोब सांगितला. वाटलं, हसतील. हसले नाहीत. डोळे मिटून बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "हिसाब ठीक है. हम भी चाँद का दिन गिनते थे. सवा दो."

"मग?" मी एकदम मराठीतच विचारलं.

त्यांनी समोर बोट केलं. भरती पूर्ण चढली होती, जिथे आम्ही पोहे खाल्ले तिथे आता कमरेएवढं पाणी. माझ्या मनगटावर पावणेएक.

"अभी हिंद में कितना बजा?"

मी मोजलं आणि थिजलो. दीड तास पुढे. भारतात या घटकेला बरोब्बर सव्वादोन! आजोबांचा हिशोब मिनिटाला खरा होता. ते घड्याळ भारतातलं, एवढंच.

"मी दर संकष्टीला चंद्रोदयाची मस्कतची वेळ वेगळी बघते," मेधा म्हणाली. "उद्याचीही बघून ठेवलीय."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही आजोबांपर्यंत गेलात. आजोबांपुढे मी काय बोलणार?"

मी अर्बाबांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. त्यांचा पहिला प्रश्न, "बच्ची ठीक?" आणि दुसरा, "नाखुदा को फोन दो." दोघं अरबीत खूप वेळ बोलले. नाखुदा हसत होते आणि पलीकडून अर्बाबांचं हसणं मलाही ऐकू येत होतं. माझे डोळे भरून आले. असली माणसं आहेत इथे, आणि मी अठरा वर्षं त्यांना फक्त सलाम करत होतो!

फोन परत देत नाखुदा म्हणाले, "गाडी का फिकर नहीं. अर्बाब बोलता, आगे सलालाह भी जाओ. तुम उसके पास क्या काम करते हो?"

मी खजूर तोंडात घातला. उत्तर सईनं दिलं, मोठ्या अभिमानानं. "बाबा टाइमटेबल बनाते हैं. अर्बाब के चालीस ट्रक कितने बजे निकलेंगे, कितने बजे पहुँचेंगे, सब बाबा डिसाइड करते हैं."

नाखुदांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून, काळजीच्या सुरात विचारलं,

"और... पहुँच जाते हैं?"