क्लचताईंच्या लेकीची तपासणी

क्लचताईंचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. बावीस वर्षं त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत होत्या आणि "क्लच! अहो, क्लच दाबा!" ही त्यांची आरोळी दोन चौक पलीकडे ऐकू जायची. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर त्यांचा उजवा पाय सदा तयारीत. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की घरी बातम्या बघताना कुणी अकलेचे तारे तोडले तरी पाय धाडकन फरशीवर पडायचा. नवरा कपबश्या विसळता विसळता विचारायचा, "थांबली का गं बातमी?"

"माझ्या हाताखालचा माणूस परीक्षेत आपटत नाही," असं त्या छातीठोकपणे सांगायच्या आणि ते खरंही होतं.

एकुलती एक लेक नऊ वर्षांची. गणितात मोठ्यांचे कान कापेल अशी. पण शाळेत घंटा व्हायच्या जरा आधी ती कानांवर हात दाबून किंचाळायची आणि बाकाखाली शिरायची. शेवटी मोठ्या बाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "ऑटिझमची तपासणी करून घ्या. तसा अहवाल आला तर वर्गात मदतनीस देऊ. नाही आला, तर दुसरी शाळा बघा."

तपासणीची तारीख चौदा महिन्यांनंतरची मिळाली. एवढा वेळ हातात असताना क्लचताई गप्प बसतात होय! तपासणी म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे तयारी. त्या हात धुऊन लेकीच्या मागे लागल्या. रोज संध्याकाळी अर्धा तास.

"समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. एक, दोन, तीन. मग नजर खाली. मागचा आरसा बघतो ना, तस्सं."

"का?"

"नियम आहे."

नियम म्हटल्यावर लेकीने तो पाठ केला. कशी आहेस विचारलं की काय म्हणायचं, हवेबद्दल कधी बोलायचं, हसायचं किती, सगळं तोंडपाठ. इथे पोरगी पास झाली तर मदतनीस हातचा जाणार, हे साधं गणित मात्र क्लचताईंच्या डोक्यात शिरलंच नाही.

तपासणीची खोली छोटी होती. बुटकं टेबल, खेळण्यांची टोपली आणि कापडी चपला घातलेल्या एक मॅडम. क्लचताईंना कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. "ताई, तुम्ही फक्त बसायचं," मॅडम म्हणाल्या.

"कशी आहेस?"

"मी बरी आहे. तुम्ही कशा आहात? आज हवा छान आहे." एक, दोन, तीन, नजर खाली.

क्लचताईंचा ऊर भरून आला. काय ती सफाई! मग मॅडमनी चित्र दाखवलं. त्यात एक मुलगा रडत होता. "याला काय झालंय?"

"एका बुटाला चार भोकं आहेत. दुसऱ्याला सहा."

कोपऱ्यात पाय फरशीवर पडला. लेकीने लगेच सुधारलं, "त्याला वाईट वाटतंय."

"वा," मॅडम म्हणाल्या, "असंच चाललं तर मला अहवालात लिहायला काही उरायचं नाही."

क्लचताई आधी खुदकन हसल्या. मग वाक्याचा अर्थ डोक्यात उतरला आणि तोंडचं पाणी पळालं. अहवाल नाही म्हणजे मदतनीस नाही, मदतनीस नाही म्हणजे शाळा नाही. त्या ताडकन उठल्या. "थांबा मॅडम! हे तिचं काही नाही, सगळी माझी शिकवणी आहे! मी मूर्ख आहे, चौदा महिने घोकून घेतलंय हो!"

"ते आलं लक्षात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "ती माझ्याकडे तीन सेकंद बघते आणि बाकीचा वेळ तुमच्या पायाकडे. पाय वर घ्या बघू."

क्लचताई निमूटपणे खुर्चीवर मांडी घालून बसल्या. पुढचा दीड तास त्या हलल्या नाहीत. पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेही कळेना.

लेकीने कोपऱ्यात पाहिलं; पाय फरशीवर नव्हता. मग तिने टोपलीतली गाडी उचलली, उलटी केली, चाकं फिरवली आणि टेबलाखाली जाऊन आडवी झाली. मॅडमही खुशाल फरशीवर आडव्या झाल्या.

"शाळेत बाकाखाली काय करतेस?"

"वाट बघते. घंटा वाजायच्या आधी भिंतीत किर्र होतं. अकरा सेकंद. दात दुखतात त्याने. वाजली की बरं वाटतं."

खुर्चीवर क्लचताईंचा आ वासलेला तसाच राहिला. याच किंचाळण्याला त्यांनी नाटकं म्हटलं होतं, एकदा नाही, शंभरदा. त्यांना रडू आलं आणि पाय इतका झिणझिणत होता की हसूही आलं.

तीन आठवड्यांनी अहवाल मिळाला. ऑटिझम आहे, वर्गात मदतनीस द्यावा, बाक घंटेपासून दूर हलवावं. क्लचताईंचा आनंद गगनात मावेना. "मिळालं हो, मिळालं!" म्हणत त्यांनी दारावरच्या पहारेकऱ्याचे दोन्ही हात धरून हलवले. त्याला वाटलं, नोकरी लागली. त्यानेही अभिनंदन केलं.

गाडीत लेकीने अहवाल मागून घेतला आणि ओळींखाली बोट फिरवत सगळा वाचला. क्लचताई गाडी चालवत होत्या, गुणगुणत होत्या.

"हे बरोबर आहे," लेक म्हणाली. "हेही. हे पण. त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तूच की. टेबलाखालून."

"हो. त्यांनी विचारलं होतं."

"अगं, मग मला कधी का नाही सांगितलंस?"

"तू शिकवत होतीस."

क्लचताईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आता काय ऐकू येतंय तुला?" त्यांनी विचारलं.

लेक खिडकीबाहेर बघत सांगू लागली.