तातडी : तीन

कल्पना करा, तुमच्याकडे दिवसाला सत्तर तक्रारी येतात आणि त्या तुम्हाला ओळीने लावायच्या आहेत. मुलींच्या वसतिगृहाच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलंय, चाळीसजणी आजारी आहेत. कुणाचा परीक्षेचा अर्ज अडकलाय. कुणाचा पंखा कुरकुरतोय. शिवाय तुमची स्वतःची प्रयोगवही शुक्रवारी द्यायची आहे, आणि कुलगुरू भेटतात फक्त अकरा ते सव्वाअकरा. आधी काय घ्याल?

ती इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष होती. तिने यावर एक फॉर्म बनवला. नाव, वसतिगृह, खोली, विषय, तक्रार, आणि शेवटी ‘तातडी किती?’ एक ते पाच. चार आणि पाच रोज बघायच्या, त्याखालच्या रविवारी. ओळख नाही, वशिला नाही. निवडणुकीत तिने एवढंच कबूल केलं होतं.

फॉर्म सुरू करण्याआधी तिने तो बाबांना पाठवला. बाबा शिंपी. त्यांना भरता आला तर कुणालाही येईल, हा तिचा हिशेब.

“जमला बुवा,” बाबा फोनवर म्हणाले. मागे मशीन चालूच होतं. “म्हणजे आता अध्यक्षीणबाईंकडे यायचं तर असंच यायचं?”

“सगळ्यांनी असंच,” ती हसत म्हणाली.

फॉर्म सुरू झाला, पण पाचाच्या खाली सहसा कुणी उतरेना. पंखा : पाच. जेवणात मीठ कमी : पाच. “सगळ्यांच्याच शेपटीला आग लागलीय,” परिषदेची सचिव म्हणायची. ती हिच्याच खोलीत राहायची.

कबुतराच्या त्या आठवड्यात, सोमवारी, बाबांचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा ती दवाखान्यात एका मुलीचं डोकं धरून उभी होती, दुसऱ्यांदा कुलगुरूंच्या दाराबाहेर. ‘नंतर करते’ असं तिने लिहून टाकलं. मंगळवारी तिने आजारी मुलींच्या घरी फोन केले, एकेकीच्या वडिलांना धीर दिला. मग प्रयोगवही. मग नवी टाकी बसेपर्यंत पाण्याचे टँकर.

रविवारी दुपारी दोघी तीन नंबरच्या तक्रारी उघडून बसल्या. सचिव मोठ्याने वाचत होती.

“हे ऐक. वसतिगृह : घर. खोली : पुढची. कुणीतरी टर उडवतंय आपली!”

“पुढे वाच.”

“‘डाव्या डोळ्यासमोर कोपऱ्यातून काळा पडदा येतोय. दुखत नाही. सुईत दोरा ओवता येतो अजून. सवड झाली की बघ.’ बघ काय बघ? हा काय दवाखाना…”

सचिवाचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने फोन ओढून घेतला. तक्रार क्रमांक तीनशे सतरा. सोमवार, दुपारी चार. तातडी : तीन. खाली फॉर्मने आपणहून पाठवलेलं उत्तर होतं : ‘तुमची तक्रार नोंदली आहे. आम्ही तुमच्यासोबत आहोत.’

ती घरी पोचली तेव्हा शेजारचा घड्याळवाला दुकानाच्या पायरीवरच भेटला. “रोज सांगत होतो, डॉक्टरकडे चला म्हणून. म्हणायचे, माझा नंबर लागलाय, पोरगी बघतेय.”

डॉक्टरांनी दिव्याने डोळा तपासला. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. “पहिल्या एक-दोन दिवसांत आला असतात तर बरंच वाचलं असतं. सहा दिवस कुठे होता तुम्ही?”

“रांगेत,” बाबा म्हणाले. त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याला आता दिवा लागला की विझला तेवढंच कळतं. उजव्यावर शिवण चालते, पण सुईचं भोक जवळ आहे की लांब, याचा अंदाज येत नाही. म्हणून दर शनिवारी ती घरी येते आणि आठवडाभराच्या सुया ओवून उशीला टोचून ठेवते. पांढऱ्या दोऱ्याच्या दहा, काळ्याच्या दहा. अध्यक्षपद तिने सोडलेलं नाही. त्या चाळीसजणी बऱ्या झाल्या, नवी टाकी बसली. तिचा सत्कारही झाला. फॉर्म अजून चालू आहे. फक्त शेवटचा प्रश्न तिने काढून टाकलाय आणि आता ती सगळ्याच तक्रारी वाचते. प्रयोगवही मात्र मागे पडलीये.

गेल्या शनिवारी सुया ओवता ओवता तिने विचारलं, “बाबा, तुम्ही तीन का लिहिलंत?”

“पाचावर बोट ठेवलं होतं मी,” बाबा म्हणाले.

“मग?”

त्यांनी मशीन थांबवलं. कापड फिरवून घेतलं आणि दोऱ्याचं टोक तिच्यापुढे धरलं. “हे काप.”

तिने कापलं. मशीन पुन्हा सुरू झालं.

पाचावर ठेवलेलं बोट तीनावर का आणलंत, बाबा?