दामलेकाकांचा उपास

दामलेकाका कुणाच्याही घरात शिरले की माणसांआधी घर गरम ठेवणाऱ्या, भिंतीवरच्या रेडिएटरची विचारपूस करत. ताप बघावा तसा उपडा हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं, "वर गार, खाली गरम. हवा भरलीय. ह्याच्यात थोडी, तुझ्या डोक्यात जास्त." निवृत्त इंजिनिअर. आमच्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये चौकाचौकातले गोल राउंडअबाउट जास्त की त्यांनी तपासलेले रेडिएटर, हे कौन्सिललाही सांगता यायचं नाही.

"पाणी भुकेलं असतं रे," ते म्हणत. "त्याला गंज रोखणारं इनहिबिटर दिलं नाहीस तर लोखंड खातं."

त्या डिसेंबरात आम्ही महिनाभर पुण्याला निघालो होतो. आमचं घर असं की चहा कपात पडेपर्यंत त्याची कुल्फी. रिकाम्या घरात पाईप गोठणार, म्हणून मी काकांना न विचारता गाडीत घालायचं लालभडक अँटिफ्रीझ आणलं. हीटिंगची टाकी वर माळ्यावर, लॉफ्टमध्ये; कॅन घेऊन तिथली शिडी चढवेना, तेव्हा थोडं कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. बाटली टाकायची नाही, हा आपला कुळाचार! ती ओट्यावर ठेवून टॉर्च शोधायला गेलो.

परतलो तर काका आलेले. माझ्या बायकोनं, मेघनानं, त्यांच्या हातात लाल ग्लास दिलेला. तो ओठांपाशी. माझ्या अंगातलं रक्त तेव्हा कुठल्याही अँटिफ्रीझला दाद न देता गोठलं.

काका थांबले. हुंगलं. थेंब बोटांत चोळला. मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, साखर कमी आहे का?" मेघना म्हणाली.

"नाही गं. आज उपास आहे माझा."

"अहो, कोकम चालतं की उपासाला!"

"माझ्या उपासाला पाणीसुद्धा चालत नाही."

ग्लास आणि बाटली उचलून त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं. आवाज अगदी हळू. "गाडीचं ना? विष आहे ते, आणि वर गोड. गरम पाण्याच्या सिलिंडरमधली कॉइल गळली असती तर नळाला आलं असतं. घरच्या हीटिंगचं वेगळं मिळतं, गाढवा."

"मेघनाला मी सांगू की तुम्ही?"

"मी सांगितलं तर ती जन्मभर माझ्यासमोर मान खाली घालेल. तू सांगितलंस तर तू घालशील. तेच बरोबर आहे."

मी सांगितलं. काका जाऊन दोन वर्षं झाली. मान अजून पुरती वर आलेली नाही.