पेनड्राईव्हमधले मोर

लोह्याला सासरी माझं स्वतःचं म्हणावं असं काय होतं? वडिलांनी दिलेलं भरतकामाचं कम्प्युटर मशीन आणि त्याला लावायचा पेनड्राईव्ह. त्यात माझे मोर, कोयऱ्या, वेली. लातूरला माहेरी असताना क्लासच्या कम्प्युटरवर एकेक टाका मीच बसवला होता. सासरी कम्प्युटर नाही, तर दुसरी कॉपी कुठं ठेवणार?

दीर नांदेडला इंजिनिअरिंगला. सुट्टीला आला आणि म्हणाला, लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकायचीय, त्यासाठी आधी ती एका पेनड्राईव्हवर उतरवावी लागते. मी तेव्हा एका नवरीच्या ब्लाउजवर मोर भरत होते. एक बाही झाली, दुसरी लावायला उठले, तेवढ्यात सासूनं पेनड्राईव्ह उपसून लेकाच्या हातात ठेवला.

"आत्याबाई, माझे समदे मोर हायत त्यात!"

"दे की लेकराला. शिवणाटिपणाचंच तर हाय."

यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं लॅपटॉपच्या स्क्रीनवर आलं. दिरानं ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं बघून हसला. "वैनी, करू का?"

"नका हो भावजी. पाया पडते तुमच्या."

"कर रे," सासू म्हणाली. त्यानं दाबलं. पट्टी सरकत राहिली आणि मायलेक चहा पीत बसले. मी उभ्या उभ्या बोटं मोडली.

नवरीला एकाच हातावर मोर घेऊन कसं उभं करणार? झालेला मोर उसवत बसले. तोवर दिराचा लॅपटॉप त्या पेनड्राईव्हवरनं सुरू झाला होता. सासूनं जेवायला हाक मारली. "काही विचारलं तर पुढं पुढं दाबत चला," असं मला सांगून तो ताटावर गेला.

थोड्या वेळानं विचारलंच. मी तिथनंच ओरडले, "भावजी, लॅपटॉपमधलं सगळं पुसू का म्हणतंय! तुमचं प्रोजेक्ट बी जाईल."

"पेनड्राईव्हचं असंल ते. तुम्हाला काय कळतंय त्यातलं? दाबा."

"अहो, लॅपटॉपचंच लिहिलंय."

"दाब म्हणतोय ना, दाब की!" सासू खेकसली. "घास तरी गिळू दे त्याला."

मी दाबलं.

शेवटच्या वर्षाचं सगळं काम गेलं. दीर घळाघळा रडला. सासू कपाळ बडवत मला कैदाशीण म्हणाली. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी नवरा दुकानातनं आला. "तुला इंग्रजी वाचता येतं ना?"

"येतं की. दोनदा सांगितलं मी."

दिराला म्हणे आता त्या लॅपटॉपला हातसुद्धा लावायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं माझं मशीन टेम्पोत चढवलं आणि आठवडाभरात भावाला नवा लॅपटॉप आणला.

आता सासू आल्यागेल्याला सांगते, सुनेनं स्वतःचं मशीन विकून दिराला शिकवलं. बायका माझ्या पाठीवरनं हात फिरवतात. अशी सून मिळायला नशीब लागतं, म्हणतात.