पांढऱ्याखालची अक्षरं
साल दोन हजार चोवीस, मला बहात्तरावं लागलेलं. सरकारनं एजंटांना सक्तीची केलेली परीक्षा न देताच घरांची दलाली करत राहिलो, म्हणून माझी एजंटची नोंदणी रद्द झाली. दारावरच्या पाटीवरचा ‘एजंट’ शब्द झाकायला दिनू पेंटरला बोलावलं. दर दिवाळीला ही अक्षरं तोच गिरवायचा.

त्यानं पांढरा हात मारला. ऊन तिरपं झालं आणि पांढऱ्याखालून थरांवर थर चढलेली अक्षरं फुगून दिसू लागली. मी बघतच राहिलो. जन्मभर एकच काम केलं की तेही माणसाच्या अंगावर असंच चढत असावं. वरून कुणी काही फासलं तरी हात फिरवला की लागतंच.

“काका, अजून एक हात मारू?”

“नको. दिसू दे. परीक्षा देतो मी.”

“आता काय परीक्षा देताय? चौथी नापास तुम्ही!”

“नापास व्हायचं तर तिथं बसून होईन. घरबसल्या नाही. तू रंग तयार ठेव, याच अक्षरांवरून गिरवायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाटीखाली खुर्ची टाकली, परीक्षेचं पुस्तक उघडलं आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा पहिला धडा वाचायला लागलो.